ब्रासने मोजलं आणि टनाने फसलो : डांबरीकरणाच्या कामात वजनाचा हिशोब कसा करायचा?



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "सर, सोसायटीच्या आतल्या रस्त्याचं, पार्किंगचं डांबरीकरणाचं छोटं काम मिळतंय. माल किती टन मागवायचा ते कसं काढायचं?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत सूत्र सांगून टाकलं होतं. पण हा विषय दोन मिनिटांचा नाही. या एका आकड्यावर माझे स्वतःचे पैसे बुडालेत, म्हणून आज सविस्तर लिहितो. कागद, पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

आधी माझी फजिती ऐका

आमचं शनिवार पेठेत बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. विटा, वाळू, खडी, सिमेंट हा वडिलांच्या काळापासूनचा धंदा. बीबीए करून मी दुकानात बसायला लागलो तेव्हा डोक्यात एकच होतं, नुसता माल पुरवायचा नाही, कामंही घ्यायची. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाच्या सोसायटीत आतला रस्ता करायचा होता. लांबी २०० फूट, रुंदी २० फूट, म्हणजे ४,००० चौरस फूट. दीड इंचाचं कार्पेट. मे महिना संपत आला होता आणि त्यांना पावसाच्या आत काम हवं होतं.

मी हिशोब केला. दीड इंच म्हणजे ०.१२५ फूट. ४,००० गुणिले ०.१२५ म्हणजे ५०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे बरोबर ५ ब्रास. आता आमच्या दुकानात लहानपणापासून ऐकत आलेलो, खडीचा ब्रास म्हणजे साधारण सव्वाचार टन. पाच गुणिले सव्वाचार, सव्वाएकवीस टन. "चला, २२ धरू, थोडा जास्तच असू दे," म्हणून मी खूश.

त्या वेळी मला हॉटमिक्सचा माल टनाला ६,५०० रुपयांनी मिळत होता. २२ टनांचे १,४३,००० झाले. रोलर, मजूर, वाहतूक, टॅक कोट मिळून ७०,०००. एकूण खर्च २,१३,०००. मी ७५ रुपये चौरस फुटाने कोटेशन दिलं, ३ लाखांचं. कागदावर ८७,००० रुपये नफा दिसत होता. पहिलंच काम आणि एवढा नफा! मी वडिलांना कागद दाखवला. ते म्हणाले, "जास्त दिसतोय. परत मोज." मी मोजला नाही.

कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला माल संपला. रस्ता झाला होता जेमतेम १२० फूट. पुढचे ८० फूट तसेच उघडे. प्लांटला फोन केला, तर त्या दिवशीचं उत्पादन संपलेलं. दुसऱ्या दिवशी परत रोलर, परत मजूर, परत गाडी. शेवटी एकूण ३६ टन माल लागला.

आता खरा हिशोब बघा. जास्तीचा १४ टन माल म्हणजे ९१,००० रुपये. दुसऱ्या दिवसाचा रोलर, मजूर, वाहतूक असे २५,०००. खर्च २,१३,००० वरून गेला ३,२९,००० वर. मिळणार होते ३ लाख. म्हणजे ८७,००० नफ्याच्या जागी २९,००० तोटा. वर, पहिल्या दिवसाचा गार झालेला माल आणि दुसऱ्या दिवसाचा गरम माल जिथे जुळला तिथे सांधा राहिला. पावसाळ्यानंतर त्याच सांध्यावर खडी सुटली आणि ती दुरुस्तीही मीच करून दिली.

कामात कुणी फसवलं नव्हतं. प्लांटवाला बरोबर होता, मजूर बरोबर होते. चुकलो मी, एका गुणाकारात.

चूक नेमकी कुठे झाली?

घनफळ माझं बरोबर होतं. ५ ब्रास म्हणजे ५ ब्रासच. चुकला तो पुढचा आकडा, सव्वाचार टन.

सव्वाचार टन हे ढिगातल्या सुट्या खडीचं वजन आहे. ढिगात खडीच्या दाण्यांमध्ये जवळजवळ ४५ टक्के हवा असते. रस्त्यावरच्या कार्पेटमध्ये मोठी खडी, बारीक खडी, कच, भुकटी आणि डांबर असं सगळं असतं. मोठ्या दाण्यांमधल्या जागेत लहान दाणे बसतात, उरलेल्या फटी डांबराने भरतात आणि वरून रोलर दाबतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त वजन मावतं. दाबून झालेल्या डांबरी थराचा एक ब्रास सव्वाचार नाही, सुमारे ६.८ टन भरतो.

५ गुणिले ६.८ म्हणजे ३४ टन. वरचे दोन टन खळग्यांत गेले, त्याचं पुढे सांगतो.

इथे एक वाक्य लिहून ठेवा : रोलर घनफळ कमी करतो, वजन कमी करत नाही. ४० मिलीमीटरचा पक्का थर हवा असेल तर माल सुमारे ५० मिलीमीटर पसरावा लागतो, मग दाबून तो ४० वर येतो. पण प्लांटवरून निघालेले ३४ टन रोलर फिरल्यावरही ३४ टनच असतात. म्हणून हिशोब नेहमी दाबल्यानंतरच्या जाडीवर आणि दाबल्यानंतरच्या घनतेवर करायचा, आणि खरेदी वजनावर करायची. डंपरच्या हौद्यात किती ब्रास बसतात यावरून तर अजिबात करायचा नाही, कारण हौद्यातला माल ना खडीइतका हलका असतो, ना रस्त्यावरच्या थराइतका घट्ट.

सूत्र साधं आहे

लांबी × रुंदी × दाबलेली जाडी = घनफळ
घनफळ × घनता = वजन

सगळं मीटरमध्ये घेतलं तर घनफळ घनमीटरमध्ये येतं. घनता टन प्रति घनमीटर घेतली की उत्तर थेट टनांत. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर आणि एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, एवढं पाठ ठेवा.

आता घनता कुठून आणायची? इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक कॅल्क्युलेटर अमेरिकन सापडतात. ते १४५ पौंड प्रति घनफूट धरतात, म्हणजे आपल्या मापात २.३२ टन प्रति घनमीटर. तो आकडा तिथल्या दगडासाठी ठीक असेल. आपला दगड वेगळा आहे.

पुण्याच्या आजूबाजूच्या खाणींतून येणारी खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा बहुतेक भाग या दगडाचा. तो जड असतो. एक लिटर भरीव बेसाल्ट साधारण २.८ किलो भरतो. आता आपणच घनता काढून बघू, अवघड नाही.

१०० किलो माल घ्या. त्यात सुमारे ९५ किलो दगड आणि ५ किलो डांबर.
दगडाने घेतलेली जागा : ९५ ÷ २.८ = ३३.९ लिटर
डांबराने घेतलेली जागा : ५ ÷ १.०२ = ४.९ लिटर
एकूण : ३८.८ लिटर

पण रोलर कितीही फिरवला तरी थरात थोडी पोकळी राहतेच, आणि काही प्रमाणात ती लागतेही, नाहीतर उन्हाळ्यात डांबर वर येतं. छोट्या कामात ६-७ टक्के पोकळी धरा. मग १०० किलो माल सुमारे ४१.५ लिटर जागा घेतो. १०० ÷ ४१.५ = २.४१.

म्हणून आपल्याकडच्या खडीसाठी मी २.४ धरतो. माझ्या त्या कामात २.३२ धरलं असतं तरी टनाहून जास्त माल कमी पडला असता. आणि खरं सांगायचं तर २.४ हाही अंदाजच आहे. प्रत्येक चांगल्या हॉटमिक्स प्लांटकडे त्यांच्या मालाचा जॉब मिक्सचा रिपोर्ट असतो. त्यात प्रयोगशाळेत मोजलेली घनता लिहिलेली असते. ऑर्डर देण्याआधी तो आकडा मागा. मागायला लाजू नका. तुम्ही लाखाचा माल घेताय.

तयार आकडे

घनता २.४ धरली तर एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर जाडीला २.४ किलो माल लागतो. त्यावरून :

- २५ मिमी : चौरस मीटरला ६० किलो, एका टनात सुमारे १७९ चौरस फूट
- ३० मिमी : ७२ किलो, सुमारे १४९ चौरस फूट
- ४० मिमी : ९६ किलो, सुमारे ११२ चौरस फूट
- ५० मिमी : १२० किलो, सुमारे ९० चौरस फूट

हा भाग मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. साइटवर उभ्या उभ्या कामाला येतो.

आणि एक सापळा सांगतो. सोसायटीवाले बोलतात इंचात, प्लांटवाला बोलतो मिलीमीटरमध्ये. "दीड इंच म्हणजे ४० मिमीच की," असं दोघंही म्हणतात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी. त्या ४,००० चौरस फुटांवर या फरकाचा माल होतो सुमारे १.७ टन. ६,५०० च्या दराने ११,००० रुपये. कोटेशनमध्ये एकच माप लिहा आणि त्यापुढे "दाबल्यानंतरची जाडी" हे शब्द लिहाच.

कागदावरचा रस्ता सपाट असतो, खरा नसतो

सूत्राने ३४ टन निघाले आणि लागले ३६. ते दोन टन कुठे गेले? जुन्या रस्त्याच्या खळग्यांत. सरासरी दोन-सव्वादोन मिलीमीटरचा खोलगटपणा डोळ्याला दिसतही नाही, पण ४,००० चौरस फुटांवर तो दोन टन माल खातो. पाच मिलीमीटर असेल तर साडेचार टन.

म्हणून काम बघायला जाताना टेप आणि दोरी घेऊन जा. रस्त्याच्या आडवी दोरी ताणा आणि दर दोन फुटांवर दोरीखालची खोली मोजा. अशा आठ-दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. तो आकडा जाडीत मिळवा. मोठे खड्डे असतील तर त्यांचा हिशोब वेगळा करा आणि कोटेशनमध्येही वेगळा दाखवा. शेवटी सांडलवंड, कडेला जाणारा माल, पेव्हरमध्ये राहणारा माल यासाठी ३ ते ५ टक्के जास्त धरा.

तेच काम मी आज घेतलं तर हिशोब असा : ३४ टन मूळ, २ टन खळगे, त्यावर ४ टक्के नासधूस. साडेसदतीस टन. शिवाय खालचा थर वरच्याला चिकटावा म्हणून टॅक कोट, चौरस मीटरला पाव किलोच्या हिशोबाने ९३ किलो इमल्शन, म्हणजे २०० किलोचा अर्धा ड्रम. तेव्हाच्या दराने माल २,४३,७५०, बाकी खर्च ७०,०००, एकूण ३,१३,७५०. म्हणजे ७५ रुपये हा भाव मुळातच तोट्याचा होता! किमान ९० रुपयांनी द्यायला हवं होतं, तर ४६,००० राहिले असते. काम कदाचित मिळालं नसतं. पण तोट्याचं काम न मिळणं हाही नफाच असतो मित्रांनो.

गाडी, वेळ आणि काटा

वजन कळलं की गाड्या ठरतात. दहाचाकी टिपरचं भरलेलं एकूण वजन कायद्याने साधारण २८ टनांपर्यंत. त्यातून रिकाम्या गाडीचे १०-१२ टन वजा केले तर माल १६ ते १८ टन. साडेसदतीस टनांना दोन खेपा पुरत नाहीत, तिसरी लागतेच. तिसरी गाडी आधीच सांगून ठेवलीत तर ती वेळेवर येते. ऐनवेळी मागितलीत तर माझ्यासारखी दुसऱ्या दिवशी येते.

आमच्या पेठांच्या बोळांत तर दहाचाकी शिरतच नाही. तिथे लहान टिपर, जास्त खेपा आणि जास्त वेळ. हा माल थांबत नाही. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली गेलेला नसावा आणि ९० अंशांवर यायच्या आत रोलरचं काम आटपायला हवं. गाडीवर ताडपत्री आहे ना, हे निघतानाच बघा. गार मालावर रोलर कितीही फिरवा, तो दबत नाही. मग घनता येत नाही, पोकळी जास्त राहते, पाणी शिरतं आणि पहिल्याच पावसात खडी सुटते.

प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती घ्या. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन, दोन्ही पाहिजेत. नुसतं प्लांटचं चलन पुरेसं नाही. शक्य असेल तर पहिली गाडी वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर एकदा तपासा. भांडायला नाही, आपल्या खात्रीसाठी.

हाच हिशोब उलटा करा

हे सूत्र उलट्या बाजूनेही चालतं, आणि तिथेच तुमची पत तयार होते.

आलेलं वजन ÷ (क्षेत्रफळ × घनता) = प्रत्यक्ष जाडी

त्या सोसायटीचं क्षेत्रफळ ३७१.६ चौरस मीटर. समजा एखाद्याने ४० मिमी सांगितलं आणि पावत्या निघाल्या फक्त २५ टनांच्या. २५,००० ÷ (३७१.६ × २.४) = २८ मिमी. म्हणजे १२ मिलीमीटर रस्ता कागदावरच राहिला. हे सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा काढू शकतो.

मी आता काय करतो? काम संपलं की काटा-पावत्यांच्या झेरॉक्स आणि हा एका ओळीचा हिशोब बिलाला जोडतो. गेल्या काही वर्षांत माझी बरीचशी कामं या एका कागदामुळे आली आहेत. एका सोसायटीचे चेअरमन दुसऱ्या सोसायटीच्या चेअरमनला तो कागद दाखवतात.

आमच्या दुकानापासून ओंकारेश्वराच्या बाजूने पूल ओलांडला की बालगंधर्व आणि लगेच जंगली महाराज रस्ता. पुण्यात त्या रस्त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळचे नगरसेवक श्रीकांत शिरोळे यांनी आग्रह धरला आणि १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने तो हॉटमिक्स पद्धतीने केला, १० वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी देऊन. हमीची मुदत संपून कित्येक वर्षं लोटली तरी तो रस्ता टिकून राहिला आणि आजही पुण्यात खड्ड्यांचा विषय निघाला की त्याचंच उदाहरण देतात. आता विचार करा, दहा वर्षांची हमी कोण लिहून देऊ शकतो? ज्याला माहीत आहे की ठरलेली जाडी, ठरलेलं डांबर आणि ठरलेली घनता त्या रस्त्यात खरोखर गेली आहे, तोच. आपण एवढे मोठे नाही. पण दोन पावसाळ्यांची हमी लिहून देण्याइतपत हिशोब आपल्यालाही जमायला हवा.

कोटेशनमध्ये या पाच ओळी हव्यातच

१. क्षेत्रफळ, दोघांनी मिळून मोजलेलं, सहीसह.
२. दाबल्यानंतरची जाडी, मिलीमीटरमध्ये.
३. अंदाजे टन आणि धरलेली घनता.
४. खळगे आणि खड्डे भरण्याचा माल वेगळा, प्रत्यक्ष वजनाप्रमाणे.
५. कोटेशनची मुदत १५ दिवस.

पाचवी ओळ का? कारण रिफायनऱ्या डांबराचे भाव महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेच्या सुमारास बदलतात. मालात डांबर वजनाने पाच टक्केच असलं तरी किमतीत त्याचा वाटा मोठा. दोन महिन्यांपूर्वीच्या भावाने काम करायला लागलात तर टनांचा हिशोब बरोबर येऊनही पैशांचा चुकेल. जीएसटी वेगळा की धरून, तेही स्पष्ट लिहा.

आजचा गृहपाठ

तुमच्या घरासमोरचा किंवा सोसायटीतला रस्ता टेपने मोजा. ३० मिमी आणि ४० मिमी, दोन्हीचे टन काढा. मग जवळच्या हॉटमिक्स प्लांटला फोन करून दोन गोष्टी विचारा, टनाचा भाव आणि त्यांच्या मालाची घनता. तो आकडा घालून परत काढा. २.४ ने आलेलं उत्तर आणि प्लांटच्या आकड्याने आलेलं उत्तर, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. मी स्वतः तपासून सांगेन.

आणि हिशोबात नफा जास्तच छान दिसायला लागला, तर खूश होण्याआधी परत एकदा मोजा. वडिलांनी मला हेच सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर २९,००० वाचले असते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. पुढचा विषय पेव्हर ब्लॉक : ब्लॉक नगावर घ्यायचे की चौरस फुटावर?